मार्फत श्रीपाद उकिडवे

पारनाक्याजवळ उकिडव्यांच्या घरी टपाल येई ते बहुतेक परक्यांचं. पाकिटावर कुणातरी मुलाचं नाव, आणि त्याखाली 'मार्फत श्रीपाद उकिडवे, पारनाका, कल्याण'.

श्रीपादराव मुंबईच्या एका विमा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी लोकांचे नोकरीचे अर्ज चाळले होते. साहेब कुठला अर्ज हातात धरतो आणि कुठला टोपलीत टाकतो, हे त्यांना पाठ होतं. घरी बसल्यावर करायचं काय, म्हणून त्यांनी शेजारच्या एका मुलाला अर्ज लिहून दिला. त्याला नोकरी लागली, आणि मग रीघच सुरू झाली. बी.ए.च्या, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची मुलं दर रविवारी ओटीवर जमायची. श्रीपादराव त्यांच्याकडून अर्ज चारचारदा लिहून घेत. खोटी मुलाखत घेत, तीही अशी की मुलांना घाम फुटे. आसपासच्या गावांत टपाल आठवड्यातून दोनदाच पोचायचं, म्हणून गावाकडची मुलं पत्ता त्यांचाच देत. "पत्र आलं तर फोडून बघा काका," असंही सांगून जात.

आंबिवलीचा आनंदा काळुराम तरे त्यांतलाच एक. त्याच्या घरात शाळेची पायरी चढलेला तो पहिला. पहिल्यांदा आला तेव्हा तो ओटीच्या कडेला उभाच राहिला होता. "अरे, बस की वर," म्हणून श्रीपादरावांना दोनदा सांगावं लागलं. पण त्याचं इंग्रजी वाचून त्यांनी चष्मा काढून पुसला होता. त्यात फारसं काही दुरुस्त करायला नव्हतंच.

बावन्न सालच्या मार्चमध्ये बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज कंपनीची जाहिरात आली. शिकाऊ अधिकारी हवे होते. आनंदाने अर्ज केला. श्रीपादरावांचा मुलगा परशुराम त्याच वर्षी बी.कॉम.ला होता, त्यानेही केला. दोन्ही अर्ज एकाच दुपारी, एकाच टेबलावर लिहिले गेले. परशुरामाचा श्रीपादरावांनी स्वतः सांगितला, शब्दन् शब्द. आनंदाचा त्याचा त्याने लिहिला.

पुढच्या महिन्यात एका सोमवारी कंपनीचं पाकीट आलं. गोदाबाईंनी ते पोस्टमनच्या हातून घेतलं आणि पदराला हात पुसत नवऱ्याला आणून दिलं. "कंपनीचं दिसतंय," त्या म्हणाल्या. श्रीपादरावांनी घाईने वरचा पत्ता वाचला. आनंदा काळुराम तरे. गुरुवारी अकरा वाजता मुलाखतीला हजर राहावं, असं आत लिहिलं होतं. परशुरामाच्या नावाचं काही नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी आनंदा आला. परीक्षा चालू होती, बोटांना शाई लागलेली.

"काही आलं का, काका?"

"नाही रे," श्रीपादराव म्हणाले.

ते म्हणायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून निघूनच गेलं. गोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग आनंदाला पाणी दिलं, आणि त्या आत गेल्या.

बुधवारी श्रीपादरावांनी कोट चढवला, पत्र खिशात घातलं आणि आंबिवलीला जायला टांगा केला. परशुरामाचंही आज संध्याकाळच्या टपालाने येईल, पोस्टात मागे राहिलं असेल, असं ते मनाला सांगत होते. तसं झालं की दोघे बरोबर जातील, मग आत्ता नेऊन दिलं काय आणि रात्री काय. शहाडच्या नदीपाशी टांगा आला तेव्हा त्यांनी टांगेवाल्याला वळायला सांगितलं. गुरुवारी अकराचे ठोके पडले तेव्हा ते झोपाळ्यावर बसले होते. परशुरामाचं पत्र आलंच नाही, ना त्या दिवशी ना पुढे. वर्षभराने तो नाशिकला एका बँकेत लागला. म्हणजे केलं त्याचा उपयोगही कुणाला झाला नाही.

आनंदा शहाडच्या एका कारखान्यात टाइमकीपर झाला. आणि मग तो येतच राहिला. दिवाळीला, संक्रांतीला, कधी उगाच. आपल्या भागातली मुलं तो आवर्जून आणायचा आणि त्यांना सांगायचा, "माझं नशीब नव्हतं. पण काकांनी कसर ठेवली नाही." भाताची झोडणी झाली की त्याची आई आवडाबाई डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन यायची. "माज्या पोरासाटी तुमी यवरा केलाव," म्हणायची आणि उंबऱ्याला डोकं टेकायची.

श्रीपादरावांना टपालाचं भय वाटू लागलं. कुठल्याही मुलाचं पत्र असो, ते त्याच दिवशी उन्हातान्हात स्वतः नेऊन देत. लोक म्हणायचे, केवढी कळकळ या माणसाला! दुपारी आडवं व्हावं तर ओटीवर कुणीतरी उभं आहे असं वाटे. 'काही आलं का, काका?' ते उठून बघत. ओटी रिकामी असे. मुलं समोर बसली की मधलाच एखादा चेहरा आनंदाचा होऊन जाई, आणि ते बोलता बोलता थांबत. ते पत्र त्यांनी फाडलं नव्हतं. दोनदा चुलीपाशी नेलं आणि दोनदा परत आणलं.

गोदाबाई चार वर्षं गप्प होत्या. छप्पन साली, आवडाबाई तांदूळ देऊन गेली त्या दिवशी, वाढता वाढता त्या थांबल्या. "मी हा भात रांधते, पण माझ्या घशाखाली उतरत नाही," त्या म्हणाल्या. "त्या मुलाला सांगून या."

दुसऱ्या दिवशी श्रीपादराव आंबिवलीला गेले. आनंदा अंगणात खाट विणत होता. त्यांनी पत्र पुढे केलं. आनंदाने ते वाचलं, तारीख बघितली, परत वाचलं. त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे मला बोलावलेलं? माझा अर्ज त्यांना पसंत पडलेला?"

"हो."

"मग हे आत्ता कसं..." तो थांबला. श्रीपादरावांनी सगळं सांगितलं. परशुरामाचं, मंगळवारचं, टांग्याचं. सांगताना त्यांनी मान वर केली नाही.

आनंदा सुंभ बोटाभोवती गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "माझ्या नोकरीचं जाऊ दे. रघूला कॉलेजात जायचं होतं. मीच त्याला नको म्हटलं, मॅट्रिकलाही बसू दिलं नाही. म्हटलं, शिकलं तरी आपल्यासारख्याला मोठ्या कचेरीत कुणी बोलवत नाही, मी बघून आलोय. आज तो वीटभट्टीवर आहे. त्याला आता मी काय सांगू?"

रघू त्याचा धाकटा भाऊ. श्रीपादराव त्याला कधी भेटलेही नव्हते. माफी मागायला म्हणून जे शब्द त्यांनी वाटेत जुळवले होते, ते सगळे आनंदापुरते होते.

आवडाबाई चहा घेऊन आली. "गुरुजी घरला आले माज्या!" म्हणून हरखली होती. आनंदाने पत्र घडी करून खिशात घातलं. आईला तो काही बोलला नाही. श्रीपादरावांनी तो चहा प्यायला, कारण ती समोर उभी होती. निघताना आनंदा कुंपणापर्यंत आला.

"यापुढे मी येणार नाही, काका. आईला कारखान्याचं काहीतरी निमित्त सांगेन."

त्याने रघूला कल्याणच्या रात्रशाळेत घातल्याचं श्रीपादरावांच्या कानावर आलं. दोन महिन्यांनी रघूने ती सोडल्याचंही आलं. अभ्यासाची सवय गेली होती, म्हणे.

रविवार चालूच राहिले. श्रीपादरावांनी मुलांना यातलं काही सांगितलं नाही. तेवढं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. फक्त मार्फत हा शब्द त्यांनी बंद केला. पत्र ज्याचं त्याने पोस्टात जाऊन घ्यावं, म्हणत. मुलांना ते तुसडेपणाचं वाटे. तरी नोकरी लागली की मुलं पेढे घेऊन यायची, नमस्काराला वाकायची. आणि त्यांचा हात लागायच्या आत श्रीपादराव पाय मागे ओढून घ्यायचे.