बटाट्याचा पाव आणि दोन श्रावण

थाटीपुरात जयसिंहरावांना न ओळखणारं माणूस शोधावं लागेल. एकतीस वर्षं त्यांनी पाण्याच्या टाकीवर काढली. पहाटे पाचला व्हॉल्व्हची लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून ते निघत, आणि ती चावी फिरली की अर्ध्या वस्तीच्या नळांना कंठ फुटे. आज कोणत्या गल्लीचा वार आणि उद्या कोणत्या, हे त्यांना कधी कागदावर बघावं लागलं नाही. दिवस चुकला असं एकदाही झालं नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना मिशीवरून बोट फिरवत. पणज्याचे पणजे दख्खनेतून या हिंदी मुलखात घोड्यावर बसून आले होते. घोडा गेला, तलवार गेली, वेळेवर हजर राहणं तेवढं घराण्यात उरलं.

निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले. पुढच्याच वर्षी उषाताई गेल्या आणि घर रिकामं झालं. मग मुलगा उत्कर्ष लग्न करून हर्षिताला घेऊन आला. ती भिंडची, हिंदी घरातली, फूलबागेजवळच्या एका शाळेत शिकवणारी. तिच्या सामानात एक ओव्हन होता. तो सहा महिने खोक्यातच पडून राहिला. एका दुपारी मोबाइलवर कुणीतरी बटाट्याचा पाव करत होतं, ते जयसिंहराव पाहत बसले, आणि उठून त्यांनी ते खोकं उघडलं.

पहिले चार पाव मांजरानेही खाल्ले नाहीत. पाचवा जमला. बटाटे सालासकट उकडायचे, त्यांचं पाणी फेकायचं नाही, कोमट झालं की त्यातच यीस्ट भिजवायचं. बटाटा गरम आहे तोवर कुस्करायचा. मैद्यात तो मळताना कुंडीतली ओव्याची पानं, कोथिंबीर आणि चिमूटभर पुदिना चिरून घालायचा. आणि लसूण. अख्ख्या पाकळ्या तुपात, मंद आचेवर, लोण्यासारख्या मऊ होईपर्यंत. मग ओलं फडकं टाकून गप्प बसायचं. टाकी भरेपर्यंत वाट पाहिलेल्या माणसाला पीठ फुगेपर्यंत वाट पाहणं जड नव्हतं.

त्या उन्हाळ्यात हर्षिताच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ते नीट होऊ दे, मी पूर्ण सावन कांदा-लसूण खाणार नाही, असा नवस तिने केला होता. डोळा बरा झाला. जेवताना तिने हे सासऱ्यांना सांगितलं. जयसिंहराव उठले, भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत त्यांनी श्रावणाचा पहिला दिवस शोधला, पंचवीस जुलै, आणि तिथे लाल पेनाने लिहिलं, "लसूण बंद". मनात म्हणाले, आपल्या हातून दिवस चुकायचा नाही.

अकरा जुलैला, शुक्रवारी, त्यांनी पहाटे पाव भाजला. हर्षिता घाईत होती. त्यांनी चार काप डब्यात भरले आणि डबा तिच्या पिशवीत ठेवला. ती गेली. दहाच्या सुमाराला उरलेला अर्धा पाव फडक्यात गुंडाळून ते शेजारी श्रीपादरावांकडे गेले. दार पद्मावहिनींनी उघडलं आणि वास येताच एक पाऊल मागे सरकल्या.

"भाऊजी, एकादशीपासून आमच्याकडे लसूण बंद. चातुर्मास. दर वर्षी सांगते, दर वर्षी तुम्ही विसरता."

"विसरलोच. आमचं श्रावणापासून. यंदा तर हर्षिताचा नवस आहे, मी पंचवीस तारखेला लाल पेनाने लिहून ठेवलंय."

"हर्षिताचा? तिचा आज लागला."

"काय लागलं?"

"सावन. काल गुरुपौर्णिमा झाली ना? त्यांचा महिना पौर्णिमेला पालटतो, आपला अमावस्येला. त्यांचा आपल्या आधी पंधरा दिवस लागतो."

"म्हणजे आज श्रावण आहे?"

"त्यांचा आहे. आपला आषाढ."

"आणि माझ्या घरात?"

"ते तुम्ही मला विचारताय?" वहिनी म्हणाल्या.

जयसिंहराव पाव तसाच बगलेत धरून पायरी उतरले. भोवतालच्या हिंदी लोकांचा सावन आधी येतो हे त्यांना जन्मापासून माहीत होतं. देवळांत घंटा वाजू लागत, शेजारी उपास धरत. पण तो सावन कुंपणाबाहेरचा होता. कुंपणाच्या आतलं सगळं उषाताई बघत. तो आत कधी आला, हे त्यांना कळलंच नव्हतं.

शाळेची मधली सुट्टी साडेदहाला. त्यांनी स्कूटर काढली. वाटेत पडावच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. सूर्य एक, चंद्र एक, मग श्रावण दोन कसे, हे ते हँडल धरून मनाशी मांडू लागले, आणि पूल संपेपर्यंत श्रावण तीन झाले, कारण वहिनींचाही त्यात शिरला. खाली एक बाई बेलाची पानं विकत होती. तिच्यासाठी आज श्रावण होता. पुढच्या मराठी हलवायासाठी नव्हता. आणि पिशवीतला डबा कोणत्या महिन्यात उघडणार होता?

ते पोचले तेव्हा सुट्टी निम्मी झाली होती. चौकीदार संग्रामसिंहने निरोप धाडला. हर्षिता डबा हातात घेऊनच आली.

"खाल्लंस?"

"नाही, बाबा. डब्बा खोला तो खुशबू आ गई. मग बसून राहिले."

"उपाशी?"

ती डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, मुद्दाम दिलंत. की ह्या घरात तुमचाच श्रावण चालणार, माझा सावन नाही. खाल्लं तर मम्मीचा नवस तुटतो, नाही खाल्लं तर तुमचं मन. समझ में ही नहीं आया, क्या करूँ."

पावाचे चार काप एवढं काही बोलू शकतात, हे जयसिंहरावांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अगं, मला तरी कुठे समजलंय," ते म्हणाले. "तुझा संपतो कधी?"

"राखी को."

"आमचा त्याच्यापुढे पंधरा दिवस, पिठोरीपर्यंत. दोन्ही धरू. आजपासून घरात लसूण बंद."

"डेढ़ महीना?" तिला हसू आलं. "बाबा, लसणाशिवाय तुमच्या पावाला कॉलनीत कोणी ओळखणार पण नाही."

"नाही ओळखलं तर नाव सांगू त्याचं."

त्यांनी फाटकाबाहेरच्या हातगाडीवरून केळी घेऊन तिच्या हातात दिली. घंटा झाली. चालता चालता ती वळली. "राखीनंतर मी खाऊ शकते की नाही? माझा तर संपलेला असेल."

जयसिंहरावांनी विचार केला. मग आणखी थोडा केला. "ते तू ठरव," ते म्हणाले. "आणि तूच लिहून ठेव."

डबा त्यांच्याकडे राहिला. "चार काप आहेत, घेतोस?" त्यांनी संग्रामसिंहला विचारलं. त्याने कानाला हात लावला. "सावन लग गया, बाऊजी."

फूलबागेत एका बाकावर ते बसले. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. झाकण उघडलं, तुपातल्या लसणाचा वास वर आला, झाकण मिटलं. घरात बंदी आजपासून, हे त्यांनीच सांगितलं होतं. पण हे काही घर नव्हतं. शिवाय दिवस सूर्योदयाला धरतात, आणि आजचा सूर्योदय होऊन गेला होता, म्हणजे त्यांचा नेम उद्यापासून. हे त्यांना बरोबर वाटलं. त्यांनी एक काप खाल्ला. मग ते तितकंसं बरोबर वाटेना. पुन्हा पहिल्यापासून विचार करावा म्हणून त्यांनी दुसरा काप मोडला.