कोण म्हणालं, कुठे म्हणालं

निशा नाखवाला पहिला संशय आला तो आडनावाचा. पनवेलच्या कॉलेजात ती एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, साल २००९. लघुप्रबंधाचे संदर्भ कसे द्यायचे हे चारुता मॅडमनी फळ्यावर लिहून दाखवलं : आधी आडनाव, मग नाव, मग वर्ष. निशाच्या कपाळाला आठी पडली. उरणकडच्या तिच्या कोळीवाड्यात अनोळखी माणसानं येऊन आडनाव विचारलं की बायका दार लोटून घेत.

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी पाहणीवाले आले होते. कोणत्या घरची बाई खाडीतल्या कुठल्या खडपावर, म्हणजे खडकाळ पट्ट्यावर, शिंपल्यांतली कालवं काढते, ते त्यांनी नावानिशी लिहून घेतलं, गोड बोलले, चहा पिऊन गेले. पुढे त्याच खडपांवर भराव पडला. पाहणीचा आणि भरावाचा संबंध होता की नव्हता, हे कोणालाच सांगता आलं नाही. पण कागदावर नाव गेलं की मागून डंपर येतो, हे वाड्यानं मनाशी पक्कं धरलं.

आणि निशाचा विषय नेमका तोच : खाडीवर कालवं काढणाऱ्या बायका.

पहिलं प्रकरण परत आलं तेव्हा एका परिच्छेदाभोवती लाल रेघ होती.

"हा तुझा नाही," मॅडम म्हणाल्या.

"मीच लिहिलाय मॅडम."

"टाइप तू केलास. 'तद्वतच' हा शब्द आयुष्यात कधी बोललीस का?"

निशाचे कान तापले. परिच्छेद लायब्ररीतल्या पुस्तकातला होता. शाळेपासून ती पुस्तकातलं जसंच्या तसं लिहीत आली होती आणि त्यालाच मार्क मिळाले होते. ही चोरी ठरते, हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. मॅडमनी अवतरणचिन्हं कुठे घालायची, पानाचा आकडा कुठे द्यायचा ते दाखवलं, आणि मग बोट खाली सरकवलं.

"आणि हे कुठून उचललंस?"

अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला कोणत्या घरच्या बाईनं आधी खडपावर उतरायचं, तो क्रम सासू सुनेला तोंडी देते, असं तिथे लिहिलं होतं.

"हे नाही उचललं," निशा जवळजवळ ओरडलीच. "हे आमच्या घरचं आहे. माझ्या आत्यानं सांगितलंय."

"मग आत्याचं नाव, गाव, बोललात ती तारीख, सगळं खाली दे."

नाव, गाव, तारीख. पाहणीवाल्यांनीही हेच मागितलं होतं. निशानं मान डोलावली, पण मनात पाल चुकचुकली. त्यात कॉलेजबाहेरचा झेरॉक्सवाला गुरुदत्त सहज बोलून गेला, "मॅडमनी तुझ्या प्रकरणाच्या दोन कॉप्या काढल्या काल." एक त्यांना वाचायला, ठीक. दुसरी कोणाला?

मग निशानं तळटीपेसाठी एक बाई बनवली. सुनंदा भोईर, वय पंचावन्न, शेजारच्या गावची. स्वल्पविराम, वर्ष, तारीख, सगळं जागच्या जागी. मॅडम तळटीप वाचून खूश झाल्या. "आता जमलं तुला! रविवारी मी येते तुझ्याकडे. भेटव मला या सुनंदाबाईंना."

निशाला प्रश्न पडला : यांना खरंच भेटायचंय, की आपल्याला पकडायचंय? शनिवारी ती स्टाफरूममध्ये गेली आणि उभ्यानंच म्हणाली, "सुनंदाबाई नाहीत मॅडम. मी रचली."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "माझ्यावर विश्वास नव्हता?"

"तुम्ही दोन कॉप्या कशाला काढल्या?"

मॅडमनी खणातून कागद काढले. दुसरी कॉपी ज्यासाठी काढली होती तो, पुण्यातल्या चर्चासत्रासाठी त्यांनी लिहिलेला निबंध. त्यात निशाच्या प्रकरणातल्या चार ओळी होत्या, अवतरणचिन्हांत, आणि खाली : नाखवा, निशा, २००९, अप्रकाशित. निशानं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. कुठे चूक सापडते का पाहिलं. नव्हती.

"नाव बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मला विचारलं नव्हतंत."

मॅडमनी चष्मा काढला. "नाही विचारलं. विचारायला हवं होतं." मग हळूच म्हणाल्या, "आत्याचं नाव लपव. नाव विनंतीवरून दिलेलं नाही असं लिही, ते चालतं. पण नसलेली बाई उभी करू नकोस. उद्या कोणी तिचा पुरावा मागेल, आणि तुझी खरी आत्याही खोटी ठरेल."

ठमाबाई, निशाची आत्या, ओट्यावर कोयतीनं कालवं फोडत होती. निशानं प्रबंधात नाव घालण्याचं विचारताच तिचा हात थांबला.

"कनाला पायजे माजं नाव? कोन हाय ती मॅडम? कंपनीची?"

"कॉलेजची गं. तू सांगितलंस ते तुझं आहे, म्हणून."

"माजं नाय ते. माज्या आयनं सांगितलंय." ठमाबाईनं शिंपला फेकला, थोडा विचार केला. "आयचं घाल. चंद्रावती. ती मेली, तिला आता कोन नोटीस लावनार?" मग पुन्हा संशयानं, "आन् खडपाचं नाव लिवलंय का त्यात?"

लिहिलं होतं. निशानं त्याच संध्याकाळी खोडलं.

तळटीप अशी झाली : चंद्रावती नाखवा यांचं सांगणं, त्यांच्या मुलीच्या तोंडून, मुलीचं नाव व जागा विनंतीवरून गाळली आहेत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी भुवया उंचावल्या. मेलेल्या बाईची मुलाखत? निशानं पाहणीवाल्यांपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. पहिला वर्ग मिळाला.

पुढे ती उरणच्या बाजूला ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागली. दोन वर्षांनी मॅडमचा फोन आला : कालवांवर दोघींनी मिळून एक निबंध लिहू या का?

"लिहू," निशा म्हणाली. "कोणाचं नाव कुठे येणार, ते आधी लेखी पाठवा."

मॅडम हसल्या. पण लेखी आलं तेव्हाच निशानं पहिली ओळ लिहिली.