एका डोळ्याची निळी, एका डोळ्याची राखी

आमच्या आत्याचा उभा जन्म काळ्या शाईत गेला. एका जुन्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात ती कामाला होती. दाबून वाळवलेली रोपं जाड कागदांवर चिकटवून तिथल्या लोखंडी कपाटांत ठेवलेली असत, आणि प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी लागे. झाडाचं नाव काय, ते कुठे मिळालं, कधी, कुणाला. या चिठ्ठ्या आत्या लिहायची. टाक दौतीत बुडवून, कधीही न पुसली जाणारी काळी शाई वापरून. दुसरा रंग चालायचाच नाही. रंग उडतात, काळी राहते, असा तिथला नियम. अख्खं कॉलेज तिला चिठ्ठीताई म्हणायचं.

तिने लग्न केलं नाही. आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. कुणी फार खोदून विचारलं, की म्हणायची, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका झाली असती. नाहीत ना? मग झालं तर."

ती निवृत्त झाली तेव्हा विभागातल्यांनी तिला एक फाउंटन पेन दिला. गर्द हिरव्या रंगाचा, पिवळ्याधमक निबेचा. तो हातात घेऊन ती बराच वेळ टोपण उघडत-लावत बसली. मग मला म्हणाली, "ऐक, आता मी माझ्या मनाची शाई घेणार. मला आवडेल ती. उद्या येतेस का दुकानात?"

मला गंमत वाटली. शाईच घ्यायची तर त्यात एवढं काय! पण आत्या जेवणाचा डबा निवडायलाही अर्धा दिवस लावणारी बाई, हे मी विसरले होते.

दुकान अरुंद होतं. एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, आणि मध्ये हे पेनांचं. आत काचेच्या फळ्यांवर बाटल्या ओळीने मांडलेल्या. दुकानदार म्हातारे होते, पण बोलणं चुरचुरीत.

"शाई लिहायला हवी की बघायला?" त्यांनी विचारलं.

"दोन्हीला," आत्या म्हणाली.

म्हातारबुवा खूश झाले. गुळगुळीत पांढऱ्या कागदाचं पॅड काढून त्यांनी काचेच्या काडीने एकेका शाईची रेघ ओढायला सुरुवात केली. आत्याने चष्मा नीट बसवला, कागद उचलून दारातल्या उजेडात नेला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अहो, या चारही सारख्याच आहेत की! निळी सांगून मातकट कसली देताय? बाटल्या जुन्या झाल्यात तुमच्या."

"जुन्या?" दुकानदारांचा आवाज चढला. "बाई, गेल्याच आठवड्यात आल्यात. अजून सीलही फोडलं नव्हतं."

मी वाकून पाहिलं. एक रेघ मोरपंखी होती, एक अस्मानी, एक गडद निळी आणि एक चक्क जांभळी. आत्या म्हाताऱ्यांची फिरकी घेतेय असं वाटून मी हसले. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू जिथल्या तिथे विरलं. ती खरोखर वैतागली होती.

जांभळ्या रेघेवर बोट ठेवून मी विचारलं, "आत्या, ही कुठली गं?"

"ती होय? तपकिरी. जुन्या लाकडासारखी."

काउंटरला वळसा घालून दुकानदार बाहेर आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, एवढ्यात डोळे तपासलेत का? माझ्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. त्याला निळं दिसेनासं झालं, आणि त्याचं त्यालाच कळलं नाही."

घरी आल्यावर आत्या जिन्यातच थांबली. "मला कळणार तरी कसं गं? माझी काळी शाई तर काळीच दिसत होती ना!"

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, पण समजावून सांगायची हातोटी होती तिच्याकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आतलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं होत जातं, इतक्या हळू की माणसाला पत्ता लागत नाही. "तुम्ही चहाच्या पाण्यातून जग बघताय," ती म्हणाली. "निळा रंग त्यातून आत येतच नाही. आधी उजवा डोळा करू. डावा नंतर, काही आठवड्यांनी."

ऑपरेशन अगदी चटकन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला मी तिच्यासोबत गेले. डॉक्टरने कापूस उचलला, डोळा पुसला आणि बाजूला सरकली. आत्याने पापणी उघडली. समोर नुसती भिंत होती. ती भिंतीकडेच बघत राहिली.

"रात्रीत रंग दिला का हो इथे?"

"नाही. कालचीच भिंत आहे," डॉक्टर हसून म्हणाली.

"इतकं पांढरं असतं पांढरं?"

मग तिची नजर माझ्याकडे वळली. माझ्या चेहऱ्यावर नाही, स्वेटरवर. तिने हात पुढे करून बाही चिमटीत धरली. "हा कधी घेतलास?"

"आत्या, हा तूच दिलास मला. मागच्या थंडीत."

"मी राखी दिला होता."

"निळाच आहे गं. पहिल्यापासून."

तिने उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डाव्याने पाहिलं. मग डावा झाकून उजव्याने. पुन्हा तसंच. तिचे ओठ किंचित उघडे राहिले होते. एखादं लहान मूल पहिल्यांदा आरसा बघतं ना, तसं काहीसं तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. "अगं बाई," ती पुटपुटली, "अगं बाई, अगं बाई..."

"डोळ्यांत पाणी आणायचं नाही हं," डॉक्टर म्हणाली. पण पाणी आलंच होतं, आणि डॉक्टरने ते कापसाने टिपलं.

बाहेर पडल्यावर तिला काळा चष्मा लावायचा होता. तिने तो नाकावर खाली ओढला आणि फुटपाथच्या मधोमध मान वर करून उभी राहिली. वर नुसतं मोकळं आभाळ होतं. मागून येणारा एक माणूस थांबला आणि त्यानेही वर पाहिलं. मग भाजीची पिशवी घेतलेली एक बाई थांबली. "काय आहे हो वर?" तिने विचारलं.

"हे काय," आत्या बोट दाखवत म्हणाली, "केवढं निळं आहे!"

बाईने आत्याकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, पिशवी खाली ठेवून तीही थोडा वेळ बघत उभी राहिली.

पुढचे काही दिवस आत्या घरभर एकेक डोळा झाकून हिंडत होती. बादली, चादर, गॅसची ज्योत. ज्योतीपाशी तर तिने मला हाताला धरून नेलं होतं. मला वाटलं, आता ती दुसऱ्या डोळ्यासाठी घाई करणार. झालं उलटंच.

"आधी दुकानात जाऊ," ती म्हणाली. "डावा डोळा केला की जुनं दिसायचं बंद होईल. मग मी इतकी वर्षं काय बघत होते, ते मला तरी कुठून कळणार?"

डॉक्टरने परवानगी दिली. दुकानदारांनी आत्यासाठी दारात खुर्ची टाकली आणि या खेपेला एकही बाटली फळीवर ठेवली नाही. ते रेघ ओढायचे, आत्या आधी डाव्या डोळ्याने बघायची, मग उजव्याने, आणि दोन्ही रंग सांगायची. अस्मानी डाव्या डोळ्याला शेवाळी. जांभळी डाव्याला लाकडी. डाळिंबीत मात्र दोन्ही डोळ्यांचं जवळपास जमत होतं. थोड्या वेळाने म्हातारबुवा कागद सोडून तिच्या तोंडाकडेच बघू लागले. गिऱ्हाइकं आली, त्यांनाही त्यांनी हाताने थांबवलं.

"इतकी वर्षं शाई विकली," ते म्हणाले, "पण एका बाटलीत दोन शाया असतात हे आजच कळलं."

शेवटी आत्याने एका रेघेवर बोट ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. निळीच होती, पण भडक नाही. वाळता वाळता कडेला किंचित जांभळट होणारी.

"डाव्याला कशी दिसते?" मी विचारलं.

"राखी. सकाळी उठल्यावर खिडकीत असतो तसला उजेड."

"आणि उजव्याला?"

तिने बराच विचार केला. "मला अजून शब्द सापडला नाही. पण हीच."

"त्या मोरपंखीने तर मघाशी तुझा उजवा डोळा दिपला होता. ती का नको?"

"तिला बघून ओरडावंसं वाटतं गं. रोज कोण ओरडणार? ही बघितली की गप्प बसावंसं वाटतं."

म्हातारबुवांनी बाटली स्वतःच्या हाताने कागदात गुंडाळली.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी वर गेले, तर आत्या टेबलाशी बसली होती. नव्या शाईने तिने एक लांब ओळ लिहिली होती. काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. उजवा डोळा झाकून ती ओळीकडे बघत होती. मी दारातच थांबले. बऱ्याच वेळाने तिने हात खाली घेतला आणि म्हणाली, "झालं. बघून घेतली."

डावा डोळाही छान झाला. ती राखी मात्र गेली ती गेलीच. एकदा आत्याने मिठाईच्या खोक्यावरचा पिवळा कागद डोळ्यासमोर धरून ती परत दिसते का पाहिलं. "छे, नक्कल आहे," म्हणून हसली आणि कागद फेकून दिला. वाईट वाटलं का, असं विचारल्यावर म्हणाली, "थोडंसं. पण पाहुण्यासारखा निरोप तरी देता आला की तिला!"

आता ती रोज लिहिते. मैत्रिणींना, आम्हाला, कधी नुसतंच. परवा मी चहा घेऊन वर गेले तेव्हा ती पेन धूत होती. खिडकीत स्वच्छ पाण्याचा ग्लास ठेवून तिने निबेचं टोक हळूच बुडवलं. एक निळा धागा सुटून खाली जाऊ लागला, मध्येच त्याचे दोन झाले, दोनांचे किती तरी, आणि तळाशी पोचून ते पुन्हा वर वळले.

"हलू नकोस," आत्या कुजबुजली.

मी कप हातात धरून तशीच उभी राहिले. अख्खं पाणी निळं होईपर्यंत आम्ही दोघी ग्लासाकडे बघत राहिलो.