चौदाशे सातचे पडदे

मृत्यू सांगून येत नाही, असं म्हणतात. नलूवहिनींचा सांगून आला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, मग वहिनींनी स्वतः एकेकाला फोन करून सांगितलं, आणि शेवटी प्रत्यक्ष बातमी सुहासने, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, व्हॉट्सॲपवर पाठवली. घाईत ती आमच्या टॉवरच्या जुन्या पार्किंग ग्रुपवर गेली. त्यामुळे ज्यांनी वहिनींना कधी पाहिलंही नव्हतं, त्यांना ती माझ्याआधी कळली. लगोलग जोडलेल्या हातांची चित्रं आली. त्याखाली एकाने विचारलं होतं, ‘म्हणजे बेसमेंटमधली जागा रिकामी होणार का?’ वहिनी असत्या तर या प्रश्नावर त्या पुष्कळ हसल्या असत्या... रिकाम्या जागांचा त्यांना चांगला अनुभव होता.

सुहास आणि मी एकाच कंपनीत होतो. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या या टॉवरमध्ये मी दहाव्या मजल्यावर, ते अकराव्यावर. वहिनी वेंगुर्ल्याच्या. लग्नानंतर काही वर्षांनी त्या इथे आल्या, तेव्हा सामानात कपडे कमी आणि त्यांच्या आईचं शिवणयंत्र जास्त होतं. काळं, जड, हाताने फिरवायचं, अंगावरची सोनेरी नक्षी हात लागून लागून पुसलेली. ते खोक्यातून काढून लाकडी तळावर बसवायला सुहासने मला बोलावलं आणि वहिनींनी आम्हा दोन इंजिनियरांना बाजूला उभं केलं. रीळ वरच्या खुंटीवर. तिथून दोरा डाव्या टोकाच्या आकड्यातून खाली, ताणाच्या दोन चकत्यांमधून, वर-खाली नाचणाऱ्या दांडीच्या भोकातून, आणि मग सुईत. खाली बॉबिनसाठी गोल डबी नव्हती. बोटभर लांबीची लोखंडी होडी होती, ती सुईच्या बाजूने पुढे-मागे झुलायची. दोरा ओवायचा मान मला मिळाला. मी तो डावीकडून ओवला. मशीन सुरळीत चाललं, कापडाला सुरेख रांगेत भोकं पडली, टाका एकही नाही.

“भाऊजी, उजवीकडून,” वहिनी म्हणाल्या. “सुईची चपटी बाजू होडीकडे आहे ना, मग दोरा पलीकडून यायला हवा. तुम्ही ऑफिसात पण असंच काम करता का? आवाज येतो, भोकं पडतात, शिवलं काहीच जात नाही?”

“ऑफिसात यालाच प्रोजेक्ट म्हणतात,” मी म्हणालो.

त्यांचा एक नियम होता. काम संपलं की सुईखाली कापडाची घडी ठेवून दाब खाली सोडायचा. मशीन रिकामं ठेवायचं नाही, रिकामं चालवायचं तर नाहीच. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. रिकाम्या मशीनने काय होतं, हे त्यांच्या आईने सांगितलं नव्हतं. “सांगितलं नाही म्हणजे मोठंच काहीतरी असणार,” असं वहिनींचं म्हणणं.

मग मंदी आली. आमचं अर्धं ऑफिस गेलं, त्यात सुहास गेला. मी का उरलो ते कंपनीलाही सांगता आलं नसतं. सुहासला रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात कमी पगाराची नोकरी लागली. व्हिसा वाचला, पण राहायला चौघांत एक खोली. त्यांची मुलगी ऋचा तेव्हा बारावीला होती. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये, इथल्याच शाळेतून. तोवर वहिनी आणि ऋचा इथे राहू शकतात की नाही, एवढाच प्रश्न त्या घरापुढे होता, आणि भाड्याचा करार डिसेंबरला संपत होता.

त्या हिवाळ्यात टॉवर ज्या तऱ्हेने रिकामा झाला, ते अजून नीट सांगता येत नाही. नोकरी गेली, कर्जाचे हप्ते थकले की अटक चुकवायला लोक रातोरात विमान गाठायचे, कुणी निरोप घेतला नाही. सकाळी लिफ्टमध्ये भेटणारं माणूस एक दिवस भेटायचं नाही. दाराबाहेर चपला तशाच. तेराव्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये एक तीनचाकी सायकल होती, हँडलला पाण्याची बाटली अडकवलेली. बेसमेंटमधल्या गाड्यांवर धूळ चढत गेली, त्यांचे रंग एक झाले. लिफ्ट मध्येच एखाद्या मजल्यावर थांबायची, दार उघडायचं, समोर कुणी नाही, आणि दार बंद होताना बंद फ्लॅटमधला फोन वाजत असलेला ऐकू यायचा.

बिल्डिंगचा मॅनेजर हैदराबादचा होता. तो वहिनींकडे आला तो करार संपल्याचं सांगायला, पण दारातून त्याला मशीन दिसलं.

“मॅडम, रोड से देखो तो बिल्डिंग मरी हुई लगती है,” तो म्हणाला. “फेब्रुवारी में मालिक लोग बायर्स को लेके आ रहे हैं. सब खाली खिडकियों पे पर्दा चाहिए. कपडा मैं देता हूँ.”

“और हम?” वहिनींनी विचारलं.

“पर्दे हो गए, तो मार्च तक कोई कुछ नहीं पूछेगा. इन्शाल्ला.”

कागद नव्हता, सही नव्हती. रस्त्याकडच्या सगळ्या रिकाम्या फ्लॅटना पडदे, प्रत्येकात एक दिवा, दिव्याला टायमर. आणि त्या बदल्यात मार्चपर्यंत छप्पर. कुणी राहत नाही अशा घरांना राहती घरं करायची, म्हणजे जे राहतात त्यांना राहता येईल. अर्थव्यवस्था म्हणजे काय, हे मला त्या वर्षी यापेक्षा सोप्या शब्दांत कुणी समजावलं नाही.

कापड सगळं एकच, फिकट बदामी. वहिनींना ते पटेना. “सगळीकडे सारखेच पडदे म्हणजे हॉस्पिटल. लांबूनसुद्धा कळतं.” म्हणून त्यांनी प्रत्येक फ्लॅटला आवडनिवड दिली. बाराशे दोनला झालर, कारण तिथली सून हौशी. तेराशे पाचला आखूड, कारण म्हातारा कंजूष. सुरुवातीला ही आमची गंमत होती. पडदे लावायला मी शिडी धरायचो, त्या दारातून आत जाताना “येऊ का?” म्हणायच्या. पुढे पुढे त्यांच्या आवाजातली गंमत कमी झाली. “आज बाराशे दोनचे उशिरा उठलेले दिसतायत,” त्या भाजी निवडताना म्हणायच्या. मी हसायचो. त्या भाजीच निवडत असायच्या.

“आणि चौदाशे सात?” मी एकदा विचारलं.

“तिथे एक बाई असते. नवरा बाहेरगावी. मुलगी अभ्यास करते.” मग म्हणाल्या, “कुणाकडे येत-जात नाहीत.”

जानेवारीत मशीन अडलं. सकाळी चाक फिरेना, अगदी दोन्ही हातांनी जोर लावला तरी. होडी काढली, सुईखालच्या दातांतली धूळ आणि सुताचा भुगा ब्रशने झाडला, दोरा काढून पुन्हा उजवीकडून ओवला, सगळं ठीक. दुपारी ऊन काचेवर आलं की ते जरासं हलायचं, दुसऱ्या सकाळी पुन्हा दगड. वहिनींनी चाकावरून हात काढून घेतला.

“रिकामं चालवलंय मी त्याला,” त्या म्हणाल्या. “खाली कापड होतं, पण घरं रिकामी होती. ते एकच झालं ना, भाऊजी?”

मी अंधश्रद्धेवर काहीतरी बोललो असेन. ऋचा पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, “काका, शी इज सीरियस.”

शेवटी त्यांनीच ठरवलं, ज्यांचे पडदे त्यांच्या घरी जाऊन शिवायचे. मी आणि दत्ताराम, आमचा राजापूरचा वॉचमन, मशीन उचलून लिफ्टने वर घेऊन गेलो. चौदाशे सातच्या उघड्या फरशीवर ते ठेवलं, तासाभराने वहिनींनी चाकाला बोट लावलं, आणि ते लोण्यासारखं फिरलं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

मग रोज तेच. आज या मजल्यावर, उद्या त्या. संपूर्ण रिकाम्या मजल्यावर बंद दारामागून मशीनचा आवाज येऊ लागला... थोडा वेळ चालायचा, थांबायचा, कात्रीचा एक कट, पुन्हा चालायचा. मला कारण ठाऊक होतं, तरी लिफ्टचं दार त्या मजल्यावर उघडलं की मी पटकन बंद करायचं बटण दाबायचो.

सुहास सुट्टीला आला तेव्हा त्याने तेलाच्या भोकावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि हसत सुटला. “अगं, खोबरेल? मशीनला खोबरेल घालतेस?”

“आई तेच घालायची.”

“वेंगुर्ल्यात ठीक आहे. इथे आपला एसी बावीसच्या वर सरकत नाही. गोठलंय ते. वरच्या फ्लॅटचे एसी बंद आहेत, म्हणून तिथे वितळतं. खलास. एवढंच आहे.”

वहिनींनी त्याचं शांतपणे ऐकून घेतलं. “ते तुमचं कारण झालं,” म्हणाल्या, आणि खोबरेलच घालत राहिल्या.

फेब्रुवारीत मालक मंडळी आली. खाली लाल गालिचा, खजूर, कॉफी, थर्माकोलचा टॉवर, त्या टॉवरच्या भोवती थर्माकोलची झाडं. संध्याकाळी टायमरवर दिवे लागले आणि बदामी पडद्यांमागे आमचा टॉवर एकदम नांदता दिसू लागला. भाषण करणारे गृहस्थ ‘कम्युनिटी’ हा शब्द वरचेवर वापरत होते. गिऱ्हाइकांत एक व्यवहारी माणूस होता. त्याने मान वर करून सगळ्या खिडक्या पाहिल्या आणि अकराव्या मजल्याकडे बोट दाखवलं. ती एकच रिकामी दिसतेय, मला ती दाखवा.

ती वहिनींची खिडकी होती. साऱ्या टॉवरचे पडदे शिवताना स्वतःचे शिवायचे राहून गेले होते.

मॅनेजर नाही म्हणू शकला नाही, कारण करार संपलेला, म्हणजे कागदावर तिथे कुणी राहतच नव्हतं. तो त्या माणसाला घेऊन वर गेला, मीही मागे मागे गेलो. ऋचा शाळेच्या जादा तासाला होती. वहिनींनी दार उघडलं, हाताला कणीक. “ये हमारी टेलर है,” मॅनेजर घाईने म्हणाला, “पर्दे का नाप लेने आई है.”

वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हात पदराला पुसले, टेप घेतली, आणि स्वतःच्या खिडकीचं माप घ्यायला लागल्या. लांबी, रुंदी, पुन्हा लांबी. तो माणूस घरभर हिंडला. देवघरापाशी थांबून त्याने विचारलं, हे काय. “शो-पीस,” मॅनेजर म्हणाला. त्या पडझडीनंतर आमच्या टॉवरमध्ये विकला गेलेला पहिला फ्लॅट तो.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याने चौदाशे सातची किल्ली दिली. “मार्च बोला था, मार्च तक,” म्हणाला. आम्ही सामान वर नेलं. दारात वहिनी क्षणभर थांबल्या. या वेळी त्यांनी “येऊ का?” असं विचारलं नाही. आत जाऊन पडदा सारखा केला आणि म्हणाल्या, “मी म्हटलं होतं ना, बाई आहे, मुलगी आहे.”

तिथे वीज फक्त टायमरच्या दिव्यापुरती होती. तो तिन्हीसांजेला लागायचा, दहाला आपोआप विझायचा. उरलेला अभ्यास ऋचा पहाटे खिडकीत बसून करायची. त्या दिवसांत पार्किंगमधून वर पाहताना मला इतर खिडक्यांची सवय झाली होती, त्यांच्यामागे कुणी नाही हे मला पाठ होतं. दचकायला व्हायचं ते चौदाशे सातकडे पाहून. तिथल्या पडद्यावर सावली हलायची.

परीक्षा पार पडली. ऋचा चांगली पास झाली. सुहासने तोवर एक लहानसं घर भाड्याने पाहिलं होतं, मार्चअखेर त्या दोघी त्याच्याकडे रास अल खैमाला गेल्या. पुढे ऋचा अबू धाबीत नोकरीला लागली, खलिफा सिटीत तिने घर केलं, आई-बाबांना तिथे नेलं, आणि तिथेच वहिनी गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा ऋचाने मशीनवरची खोळ काढून दाखवली. सुईखाली कापडाची घडी होती.

“काका, आय डोन्ट वाँट टु टच इट,” ती म्हणाली. “यू नो व्हाय.”

“ठेव तसंच,” मी म्हणालो.

मी अजून त्याच टॉवरमध्ये राहतो. आता तो खरोखर भरलेला आहे. लिफ्टला थांबावं लागतं आणि लोक कुत्र्यांवरून भांडतात. परवा, बातमीला महिना होऊन गेल्यावर, संध्याकाळी गाडीतून उतरलो आणि कितीतरी वर्षांनी मान वर करून चौदावा मजला पाहिला. इतर खिडक्यांत आता ब्लाइंड्स आहेत. एका खिडकीत मात्र फिकट बदामी पडदा होता, बराच विटलेला, आणि त्याच्यामागे दिवा लागलेला होता. मी उभा राहिलो. दहाला तो विझेल का, हे पाहायला थांबायचं धैर्य मला झालं नाही.

दत्ताराम अजून आहे, आता सुपरवायझर. त्याला विचारलं, चौदाशे सातमध्ये कोण राहतं?

“कोणीच नाय, साहेब. नलूवहिनी इथून रास अल खैमाला गेल्या तेव्हापासून बंदच आहे. मालकांनी विकलाच नाय, कुठल्यातरी केसमध्ये अडकलाय.”

“मग दिवा?”

“टायमर काढायला कुणी सांगितलंच नाय.”

इतकी वर्षं एक बल्ब कसा टिकेल, असं मी विचारलं. टिकत नाही, दत्ताराम म्हणाला. चौदाशे सातचा बल्ब बदलणं वार्षिक देखभालीच्या करारात आहे.