सिमेंटचा अजिंक्यतारा

हरणांच्या कुंपणातला तो बारा फुटी सिमेंटचा डोंगर मामंजींनी बांधला, असं गावात सगळे म्हणत. तो मी कागदावर काढून दिला होता, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

मी साताऱ्याची. लग्न होऊन सांगलीच्या पलीकडच्या एका लहान गावात आले, तेव्हा मोठा दुष्काळ संपून दोन वर्षं झाली होती. सासर चांगलं होतं. कसला जाच नव्हता, खाण्यापिण्याला कमी नव्हतं. फक्त डोंगर नव्हता. माहेरी परसातल्या नळावर तोंड धुताना मान वर केली की समोर अजिंक्यतारा असायचा. पाऊस येईल की उघडीप राहील, हे आई त्याच्याकडे बघून सांगायची. इथे मान वर केली की ऊस, आणि उसाच्या शेंड्यांना टेकलेलं आभाळ. सहा महिने मी रोज सकाळी सवयीनं मान वर करायची आणि पुन्हा कामाला लागायची. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. डोंगर नाही म्हणून सुनेला करमत नाही, हे कोण ऐकून घेणार?

मामंजी नगरपालिकेत ओव्हरसिअर होते. आयुष्यभर त्यांनी गटारं बांधली, पाण्याच्या टाक्या बांधल्या. निवृत्तीला वर्ष उरलं असताना नगराध्यक्षांनी कुठूनशी चार चितळं मिळवली. नगरपालिकेची बाग आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे. तिथे हरणांसाठी जंगलासारखी जागा करायचं काम मामंजींवर आलं. एका रविवारी जेवता जेवता त्यांनी विचारलं, “सूनबाई, तुम्ही डोंगराखालच्या. डोंगर असतो तरी कसा?”

“तुम्ही बघितलाय की. मला बघायला आला होता तेव्हा.”

“तेव्हा सगळं लक्ष पोह्यांत होतं.”

मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून पेन्सिलीनं डोंगर काढला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वर सपाट माथा, त्याखाली उभा कडा, मग उतार, उजव्या अंगाला बुरूज. माझ्या डोळ्यांपुढे आमचं परस होतं. हरीण नव्हतं, हरणाचा खूर तर नव्हताच.

“मागची बाजू कशी?” मामंजींनी विचारलं.

“ती माहीत नाही. आमच्या परसातून एवढंच दिसतं.”

म्हणून त्यांनी दोन्हीकडून पुढचीच बाजू बांधली. आत दगड आणि विटांचे तुकडे, वरून टाकीला करतात तसा घोटून केलेला गुळगुळीत गिलावा. बैलगाड्या रंगवणाऱ्या पेंटरनं त्याला हिरवा-तपकिरी रंग दिला आणि बुरजावर विचारल्याशिवाय एक भगवा झेंडाही काढला. आमच्या गच्चीवरून तो पुरा दिसायचा. धुणं वाळत घालताना मी बघत राहायची. दिवस मावळताना डोळे जरा बारीक केले की अगदी खरा वाटायचा. त्या महिन्यांत धुणं मी कुणाला वाळत घालू दिलं नाही.

बघायला लोक आले ते डोंगर बघायला. चितळं कुणाला धड दिसतच नव्हती. कुंपणातली बहुतेक जागा डोंगरानं खाल्ली होती. उरली ती भोवतीची बोळासारखी पट्टी. पोरांनी कुंपण वाजवलं की चारही जनावरं त्या पट्टीतून गोल गोल पळायची. सिमेंटवर चढू बघितलं की खूर घसरायचे. फाल्गुनात डोंगर तापायला लागला. दुपारी ती कुंपणालगतच्या पंपाच्या खोलीच्या सावलीत एकमेकांना चिकटून उभी राहायची. मला हे गच्चीवरून दिसत होतं. तरी माझी नजर त्यांच्या डोक्यावरून डोंगरावरच जायची.

चैत्रात एक मादी व्याली. तिसऱ्या दिवशी पाडस मेलं.

बागेचा माळी सांगायला आला. मामंजी कचेरीत होते, म्हणून त्यानं दारात उभं राहून मलाच सांगितलं.

“वैनी, सायबास्नी सांगा. हरणीचं पोर पैलं धा-पंदरा दिस गवतात दडून बसतंय. आई चरून येती, पाजती, पुन्ना जाती. हितं त्यानं दडायचं कुटं? त्या किल्ल्यावर? डोंगराच्या बुडाला उन्हात पडलं हुतं. भाजून निघालं.”

“मग आता?”

“आता काय? दुसरी बी गाभण हाय. डोंगराला झेंडा हाय, पर गवताची काडी न्हाई. कुनी काडलाय ह्यो डोंगर, त्याला एक दिस दुपारी आत हुबा करा.”

त्याला पाणी दिलं. कुणी काढलाय ते सांगितलं नाही.

मामंजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मग दोन दिवस ते कागदावर काही ना काही मांडत होते. डोंगराला चुना फासला तर कमी तापेल. वर पत्र्याची छपरी टाकता येईल. पायऱ्या खोदता येतील. शेवटचं काम होतं त्यांचं. कोनशिलेवर नाव नगराध्यक्षांचं असलं तरी गाव त्याला मामंजींचा डोंगर म्हणत होतं. निवृत्तीच्या तोंडावर आपलंच काम आपण पाडायचं म्हणजे सगळ्या गावापुढे चुकलो म्हणण्यासारखं होतं. चित्र कुणाचं, हे ते कचेरीत सांगू शकले असते. त्यांनी घरातसुद्धा तो विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी चहा देताना मी म्हटलं, “मामंजी, तो पाडून टाका.”

त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, “तुम्हाला गच्चीवरून दिसतो ना तो?”

त्यांनी माझं धुणं वाळत घालणं कधी बघितलं होतं, कोण जाणे.

“दिसतो,” मी म्हटलं. “दुसरी मादी आषाढापर्यंत व्यायची. तोवर गवत वाढायला हवं.”

मामंजींनी स्वतः उभं राहून डोंगर फोडून घेतला. चार गडी आणि पाच दिवस लागले. गावातल्या टवाळांनी विचारलं, “सायब, किल्ला पडला म्हनायचा?” ते म्हणाले, “व्हय, तह केला.” दगडविटा नव्या गटाराच्या कामाला गेल्या. कुंपणात काळी माती ओढली, माळ्यानं हत्तीघासाची ठोंबं लावली आणि ती वाढेपर्यंत कोपऱ्यात उसाच्या पाचटाचे ढीग घातले. पाचही दिवस धुणं मीच वाळत घातलं. शेवटच्या दिवशी बुरूज गेला, आणि उसापर्यंतचं आभाळ पुन्हा मोकळं झालं.

आषाढात दुसरी मादी व्याली. पाडस जगलं. ते कसं दिसत होतं, हे मला सांगता येणार नाही. घास पुरुषभर वाढला होता. पैसे देऊन आलो आणि हरणं दिसत नाहीत, अशी तक्रार लोकांनी केली तेव्हा माळी म्हणाला, “न्हाई दिसत, म्हून तर हाईत.”

दिवाळीला मी चार दिवस साताऱ्याला गेले. परत आले तेव्हा मामंजी ओट्यावर बसले होते. निवृत्त होऊन आठवडा झाला होता.

“काय, बघितलीत का मागची बाजू?” त्यांनी विचारलं.

“नाही गेले,” मी म्हटलं. “चारही दिवस परसात बसून पुढचीच बघत होते.”

त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन आत नेऊन ठेवली.