छावणीत टिपलेला श्वास

पुण्यातल्या कंपनीत मी व्हिडिओ गेम बनवायचे. नव्या गेममध्ये दुष्काळी गाव उभं करायचं होतं. चित्रकारांनी भेगाळलेली जमीन काढली, वर गिधाडं फिरवली, गावात चिटपाखरू ठेवलं नाही. मला हसू आलं. दुष्काळात गाव असं गप्प नसतं, मी म्हणाले. टँकर आला की बायका कडाकडा भांडतात. घागरींवर लाल रंगानं नावं घातलेली असतात. दूध सोसायटीचे कॅन पालथे पडलेले असतात, आणि चेअरमन तरीही रोज सकाळी येऊन ओट्यावर बसतो. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी केज तालुक्यातली आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडलं.

साहेबांनी मला आठवडाभर गावी धाडलं. "आवाज आण," ते म्हणाले. "खरे."

काका त्या उन्हाळ्यात आपली एकुलती गाय घेऊन सोसायटीच्या चारा छावणीत राहत होते. मी तिथंच मुक्काम टाकला. वाऱ्यानं वाजणारे पत्रे, दाव्यांची ओढाताण, उसाचे वाढे चघळल्याची करकर, सगळं फोनमध्ये टिपत होते. काका छावणीभर सांगत सुटले, "आमची पोरगी पुण्याहून आलीया. लई मोठं काम हाय तिचं."

चौथ्या दिवशी दुपारी गाय खाली बसली. कित्येक दिवसांचं अर्धपोटी जनावर. त्या सकाळी वाढे जास्त पडले, तिनं अधाशासारखे खाल्ले. डावी कूस ढोलासारखी फुगली. मान लांबवून ती श्वास ओढायला लागली. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी फोन तिच्या नाकाजवळ नेला.

"डॉक्टरला फोन लाव," काका म्हणाले. जनावरांचे डॉक्टर गावात, सोसायटीच्या ऑफिसात होते. काकांचा फोन चार्जिंगअभावी बंद पडला होता.

"दोन मिनिटं काका. बोलू नका."

ते गप्प झाले. गायीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि नुसते माझ्या तोंडाकडे बघत बसले.

मी चार मिनिटं टिपलं. मग फोन लावला. डॉक्टर मोटारसायकलवरून आले तेव्हा तिचे पाय ताठ झाले होते. "थोडं आधी कळवलं असतं तर कुशीत सुई घालून हवा काढली असती," ते म्हणाले.

"रेंज नव्हती," मी म्हणाले.

गेम आला. तो श्वास ऐकून खेळ थांबवावा लागला, असं लोकांनी लिहिलं. मला बढती मिळाली.

वर्षभरानं गावी गेले तेव्हा राहवलं नाही. काका अंगणात सुतळी वळत बसले होते. गोठा मोकळा होता.

"काका, त्या दिवशी रेंज होती."

"ठाव हाय."

"मग मला ओरडला का नाहीत?"

त्यांनी वर बघितलं नाही. "तू शिकलेली. थांबा म्हणतीया म्हंजी काय तरी कारण असल, असं वाटलं."

 दुपारच्या एसटीनं मी परतले.

मग गेमचा दुसरा भाग सुरू झाला. पुन्हा जाशील का, साहेबांनी विचारलं. मी लगेच हो म्हणाले. फक्त या वेळी गावी न जाता वडवणीच्या लॉजवर उतरले, आणि आल्याचं काकांना कळवलं नाही.