हसनाबादहून आणलेला फोटो

पुढे टीव्हीवर गुन्ह्यांच्या बातम्या देताना माझा चेहरा घराघरांत पोचला, पण मला घरी जेवायला बोलावणारं फारसं कुणी नव्हतं. त्याची सवय सत्तरच्या दशकात, जालन्यातच लागली होती. तेव्हा मी एका दैनिकाचा तिथला बातमीदार होतो. खून, दरोडे, अपघात एवढंच माझ्या वाट्याला. सकाळी पोलीस ठाण्यात जमादारासमोर बसायचं, रात्रीच्या नोंदी ऐकायच्या, बातमी खरडायची आणि पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं. हॉटेलात मी शिरलो की गप्पा बंद. दारात उभा राहिलो की आतल्या बाईचा चेहरा उतरायचा. मी मनातल्या मनात चिडायचो, अरे, खून काय मी केलाय? खोलीवर परतलो की राग ओसरायचा आणि फार एकटं वाटायचं.

एकच घर मला आपलं म्हणायचं. हसनाबादला माझा शाळासोबती मास्तर होता. महिन्यातून एखादा रविवार मी त्याच्याकडे काढायचो. त्याची आई मला पोटभर जेवू घालायची आणि माझ्या धंद्याबद्दल एक अक्षर विचारायची नाही. मित्राचा धाकटा भाऊ ट्रकवर क्लीनर होता, क्वचितच भेटायचा.

एका सकाळी जमादारानं नोंद वाचली. शहागडजवळ ट्रकवाल्यांच्या भांडणात एका क्लीनरला भोसकलं होतं, तो जागीच गेला. नाव ऐकलं आणि माझा पेन थांबला. गाव हसनाबाद. घरी कळवायला शिपाई दुसऱ्या गाडीनं निघणार होता. मी पहिली गाडी पकडली.

मित्राला शिपायाच्या तोंडून कळू नये, आपण सांगावं, असं मी वाटभर स्वतःला बजावत होतो. ते खोटं नव्हतं. पण आमच्या धंद्याची एक रीत होती. खबर पोचायच्या आत घरून फोटो मागून घ्यायचा. एकदा रडारड सुरू झाली की कुणी देत नाही.

मित्र दारातच भेटला. "आरं, आज कसा काय आलास? रविवार तर न्हाई!" त्याला इतका आनंद झाला की मी नुसता हसून आत जाऊन बसलो. आईनं चुलीवर चहा ठेवला. भिंतीवर धाकट्याचा जालन्याच्या स्टुडिओत काढलेला फोटो होता. आणि मी म्हणालो, "हा फोटो द्या की मला. छान आलाय."

का मागितला, हे कुणी विचारलं नाही. आईनं तो खाली उतरवला, पदरानं काच पुसली. "जपून ने रं बाबा," म्हणाली. मी तो पिशवीत घातला आणि कप उचलला. आता सांगू, हा घोट झाला की सांगू, असं करत मी कप रिकामा केला.

तेवढ्यात शिपाई आला. त्यानं ओट्यावर उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

आई जमिनीवर कोसळली. बायका धावल्या. मित्र आधी शिपायाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे. रडलाही नाही तो. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "च्या पेत व्हतास, तवा तुला ठाऊक व्हतं?"

"होतं."

"मंग माझ्या मायच्या हातून काच कशाला पुसून घेतलीस?"

फोटो काढून परत द्यायचंही सुचलं नाही. जालन्याच्या गाडीत बसलो तेव्हा तो माझ्याजवळच होता, आणि बातमीसोबत छापूनही आला. संपादकांनी शाबासकीचं पत्र पाठवलं. माझं पहिलंच. ते वाचून दाखवावं असं एकच घर होतं, आणि तिथे मला आता जाता येत नव्हतं.